वीसपैकी अकरा

मलकापुरात कुणाच्या पोराला फ्रान्सला शिकायला जायचं असलं, की लोक त्याला आमच्या घरी पाठवतात. हसू नका, अशी पोरं निघतात. मेहकरहून माणसं आली आहेत, रोहिणखेडहूनही आली आहेत. माझे वडील निवृत्त गणिताचे शिक्षक. नागपूरच्या पलीकडे ते कधी गेले नाहीत, आणि फ्रेंचमधला नमस्कारसुद्धा त्यांना धड म्हणता येत नाही. पण तिथलं उच्च शिक्षण त्यांना पाढ्यांसारखं पाठ आहे. ते शिकवण्या घ्यायचे तेव्हाचा काळा फळा पुढच्या खोलीच्या भिंतीवर अजून आहे. आलेल्या माणसाला खुर्ची द्यायची, खडू हातात घ्यायचा आणि सुरू.

"बारावीले तिकडे बॅक म्हणतात," ते सांगतात. "पुढचं सारं तिथून मोजाचं. बॅक अधिक तीन म्हणजे लिसान्स, आपली बी.ए., बी.एस्सी. अधिक पाच म्हणजे मास्टर. अधिक आठ म्हणजे डॉक्टरेट. पदवीचं नाव इसरले तरी चालते, आकडा नका इसरू."

मग विद्यापीठाचा विषय निघतो आणि बापलोक चक्रावतात. आपल्याकडे विद्यापीठ म्हणजे सगळ्यांत वरची पायरी. तिकडे बॅक झालेल्या बहुतेकांना विद्यापीठाचं दार उघडं असतं. पण ज्यांना मोठा इंजिनिअर किंवा मोठा साहेब व्हायचंय, ती पोरं दोन वर्षं 'प्रेपा' नावाच्या वर्गात घासून निघतात, स्पर्धा परीक्षा देतात आणि 'ग्रांद एकोल' म्हणतात त्या निवडक संस्थांमध्ये जातात. "म्हणजे लातूर," एकदा एक गृहस्थ म्हणाले. "हाव, लातूरच समजा," बाबा म्हणाले. खासगी कॉलेजांच्या रंगीत पत्रकांवर मात्र ते तुटून पडतात. "पदवी तिथल्या सरकारनं मानलेली हाये काय, हे पयले इचारा. नाव मास्टरवाणी असते, पण सारे मास्टर नसतात."

मी बँकेतून आले की आतल्या खोलीत बसून हे ऐकते. मला त्याचा संताप येतो. एवढं ज्ञान, आणि ते आलं कधी? बैल गेला आणि झोपा केला.

माझा धाकटा भाऊ त्या देशात मास्टर करत होता. पाण्याचा अभ्यास. आमच्याकडे पूर्णेच्या काठचा पट्टा खारपाणाचा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. ते पाणी खारं का होतं, हे त्याला लहानपणापासून छळायचं. आत्याच्या गावी गेला की घोटभर पिऊन तोंड वाकडं करायचा, आणि पुन्हा प्यायचा. नंबर लागला तेव्हा बाबांनी सगळ्या आळीत पेढे वाटले.

पहिल्या सहामाहीचा निकाल लागला त्या रविवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. बाबा सवयीनं फळ्यापाशी उभे होते. मी फोन स्पीकरवर ठेवला. आमच्याकडे माणसाची तब्येत नंतर विचारतात, टक्के आधी.

"किती?" बाबांनी विचारलं.

"सरासरी अकरा, बाबा. एका विषयात आठ पडले, पण..."

"कितीपैकी?"

"वीसपैकी."

बाबांनी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात गणित मांडलं. अकरा भागिले वीस, पंचावन्न टक्के. खडूचा आवाज त्याला तिकडे ऐकू गेला असणार.

"काऊन बे, फर्स्ट क्लासबी नाही? याच्यासाठी गेला काय तिथवर?"

"बाबा, इकडे तसं नसते मोजत."

"गणित सगळीकडे सारखंच असते."

 "बरं बाबा," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, तोवर फोन बंद झाला होता. तिला वाटलं, उद्या करेल.

त्याच आठवड्यात, पावसानं ओल्या झालेल्या रस्त्यावर, सायकलवरून वर्गाला जाताना तो एका मालवाहू ट्रकखाली आला. तिथल्या पोलिसांनी कळवलं की चूक ट्रकवाल्याची होती. आम्हाला ते कागदावर मिळालं, शिक्क्यासकट. बाबांनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "त्याचं ध्यान रस्त्यावर नसन."

एवढंच. त्यावर पुन्हा कधी बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून आमच्या घरात ते वाक्य वावरतंय. जेवताना ताटाशी येऊन बसतं. मी त्यांना "तसं नाही हो बाबा" म्हणावं, असं आईला वाटायचं. मला म्हणता आलं नाही, कारण मलाही तेच वाटत होतं.

काही महिन्यांनी त्याच्या वर्गातला एक तमिळ मुलगा सुट्टीत गावी जाताना वाट वाकडी करून त्याची बॅग द्यायला आला. भला पोरगा. पुढच्या खोलीत बसला, आईनं दिलेला चिवडा खाल्ला. काय बोलावं हे न सुचून तो मोडक्यातोडक्या हिंदीत भावाची स्तुती करायला लागला. "अंकल, बहुत होशियार था. ग्यारह आया था उसको. हमारे क्लास में टॉप चौदह था. ये तीसरे नंबर पे था."

"बीस किसको मिला?" बाबांनी विचारलं.

"बीस? बीस वहाँ किसी को नहीं मिलता, अंकल. दस पे पास. बारह आया तो लोग पार्टी देते हैं."

बाबांनी त्याला आणखी चहा घ्यायचा आग्रह केला. स्टेशनपर्यंत सोडायला गेले, गाडी हलेपर्यंत थांबले. परत आले ते थेट फळ्यापाशी. कोपऱ्यातलं ते गणित कुणी पुसलं नव्हतं. घरात तेवढं भान होतं कुणाला? त्यांनी त्याच्याभोवती चौकट काढली आणि शाळेत काढायचे तशा वळणदार अक्षरात शेजारी लिहिलं: पुसू नये.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तिकडचं शिक्षण कसं असते, ते सारं काढून दे मले." मी बँकेतून येताना छापून आणायचे, ते वाचायचे. समजलं नाही तर दहा वेळा वाचायचे. लोक यायला लागले ते पुढं, असंच कुणाच्या तरी तोंडून ऐकून.

एका संध्याकाळी मी आले तेव्हा त्यांचा समजावण्याचा आवाज बाहेर ओट्यापर्यंत येत होता. पायरीवर कुणाची चप्पल नव्हती. मी दारातच थांबले. ते खिडकीजवळच्या स्टुलाकडे तोंड करून बोलत होते. भाऊ शाळेत असताना त्याच स्टुलावर बसायचा.

"आठ पडले म्हणून काय झालं? दुसऱ्या विषयात तेरा हायेत ना? ते तेरा त्या आठाले सांभाळून घेतात. तिकडे असंच असते. तू नापास नाही झाला. समजलं का?"

आणि ते थांबले. उत्तरासाठी थांबतात तसे.  त्या स्टुलाकडे बघायची हिंमत मला झाली नाही, मी मागच्या दारानं आत गेले. आई भाकरी थापत होती. "रोजचंच हाये," ती म्हणाली. "बोलू दे त्याहिले."

गेल्या हिवाळ्यात रोहिणखेडचे एक शेतकरी आले. बागायतदार माणूस, रागानं लाल झालेला. मुलगी तिकडे मास्टरच्या पहिल्या वर्षाला. फोन हातातच होता आणि पलीकडे मुलगी चालूच होती. तिला तसंच धरून ते घरात शिरले.

"सर, तुमीच सांगा हिले. साडेदहा! वीसपैकी साडेदहा! गावात तोंड दाखवाले जागा नाही. मी म्हणलं, बॅग भर आन् परत ये."

मला वाटलं, आता बाबा खडू घेतील. दहाला पास, बाराला बरं, चौदाला चांगलं, सोळाला फार चांगलं, सगळं मांडतील. त्यांनी खडू घेतला नाही. हात पुढं करून फोन मागितला. मी आतल्या दारात उभी होते. पडद्यावर मुलीचा चेहरा दिसत होता, रडून सुजलेला.

"बेटा, साडेदहा पडले काय?"

"हो सर."

"शाब्बास."

   तो शब्द त्या खोलीत कधी कुणी ऐकला नव्हता.

"पास झाली तू. चांगले हायेत. तुह्या बाबाले मी समजावतो, ते माह्याकडे लागलं." बाबांचा आवाज खाली आला. "आन् ऐक. रस्त्यानं जाताना ध्यान रस्त्यावर ठेव. बाप काय बोलला, ते डोक्यात घेऊन सायकल नको चालवू. बाप येडा असते."

 ती नाक ओढत म्हणाली, "सर, मी सायकल नाही चालवत. ट्रामनं जाते."

"ट्रामनं?"

"हो सर. होस्टेलच्या समोरूनच निघते."

बाबांनी फोन तिच्या वडिलांच्या हातात दिला आणि खिडकीजवळच्या स्टुलावर बसले. त्या स्टुलावर ते कधी बसत नसत. रोहिणखेडचे गृहस्थ अवघडून उभे होते. मग त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि मुलीला विचारलं, "जेवली काय?"

रात्री ताटं मांडली तेव्हा बाबा आईला म्हणाले, "ते पोरगी ट्रामनं जाते." कोण, कुठली, आईला काहीच ठाऊक नव्हतं. तिनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. बाबांनी ती सगळी खाल्ली.