डावीकडची सीट

हेझलच्या शब्दाला वर्षातून तीन आठवडे किंमत असे. उरलेलं वर्ष ती बर्नलीतल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांच्या ताटात बटाटे वाढायची आणि घरी आल्यावर नवरा डेस्मंड ठरवेल तसं वागायची. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांची गाडी बोटीतून फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरली, की चित्र पालटायचं. गाडी इंग्लंडची, स्टिअरिंग उजवीकडे. तिथली वाहनंही रस्त्याच्या उजव्या बाजूनेच चालायची. पुढे ट्रक आला, की डेस्मंडला त्याच्या ढुंगणाशिवाय काही दिसत नसे. समोरून कोण येतंय ते दिसायचं डावीकडच्या सीटवरून, म्हणजे हेझलला. त्यात हमरस्त्यांचा टोल भरणं डेस्मंडच्या जिवावर यायचं, त्यामुळे सगळा प्रवास अरुंद, दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यांनी.

“मोकळं आहे का?” तो विचारायचा.

“थांब जरा... हं, जा आता.”

आणि तो जायचा. मीठ कमी आहे म्हटलं तरी स्वतः चाखून बघणारा हा माणूस तिच्या दोन शब्दांवर जीव तिच्या हवाली करायचा. तिने एकदा गाडी शिकायला घेतली होती, तेव्हा पहिल्याच रविवारी तो भर चौकात असा खेकसला, की तिने किल्ली त्याच्या हातात दिली ती कायमची. म्हणून या तीन आठवड्यांचा तिला फार अभिमान. डोळ्यांत तेल घालून रस्ता बघायची बिचारी.

त्या वर्षी तिची धाकटी बहीण एनिड अंथरुणाला खिळली होती. पोटाचा कॅन्सर. एनिडचं घर फोकस्टनला, म्हणजे इंग्लंडच्या बाजूला डोव्हरच्या बंदरातून बाहेर पडलं की अगदी वाटेवरच. जाताना हेझलने विषय काढला, तर डेस्मंड म्हणाला, “येताना जाऊ. मग बस तिच्यापाशी पोटभर.” हेझलने एनिडला परतीचा दिवस कळवला आणि त्या एका वाक्यावर तीन आठवडे काढले. पुढे स्पेनमध्ये गेल्यावर एनिडसाठी बदामाच्या मिठाईचा डबा घेतला आणि परतीच्या वाटेवर तो मांडीवरच ठेवला.

शेवटच्या दिवशी, सोमवारी, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॅले बंदराकडे जाताना त्यांच्या पुढे गवताच्या गठ्ठ्यांनी लादलेला ट्रॅक्टर आला. तो चालला होता गोगलगायीसारखा.

“आज सरळ घर गाठू,” डेस्मंड म्हणाला. “दुपारची बोट मिळाली तर लंडनपाशी गर्दी लागणार नाही. एनिडकडे जाऊ नंतर कधीतरी.”

“तू शब्द दिला होतास.”

“आजारी माणसाला पाहुण्यांचा ताप होतो गं. मोकळं आहे का?”

रस्ता मोकळा होता. पार पुढच्या चर्चपर्यंत चिटपाखरू नव्हतं.

“नाही,” हेझल म्हणाली.

थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा नाही.

“अगं, एवढं येतंय कोण? बाजूने एक सायकलसुद्धा गेली नाही अजून.”

“तुला कळतंय ना? मग घाल पुढे.”

घालायची छाती झाली नाही त्याची. धुरळा खात तो ट्रॅक्टरमागे सरपटत राहिला, घड्याळ बघत, दातओठ चावत. शेवटी म्हणाला, “बरं बाईसाहेब, जाऊ एनिडकडे. झालं समाधान?”

“नक्की?”

“नक्की म्हटलं ना. आता बोल.”

“जा,” हेझल म्हणाली.

बंदरावर पोचले तेव्हा दुपारची बोट धक्का सोडून निघाली होती. सुट्टीची गर्दी; जागा मिळाली ती संध्याकाळच्या बोटीत. डेस्मंडने बोटीवर तळलेला मासा खाल्ला. हेझल मांडीवर डबा घेऊन चहा पीत बसली. डोव्हरला गाडी बाहेर पडली आणि डाव्या बाजूला लागली, तसा तो दरवर्षीचं वाक्य बोलला, “तुझं काम संपलं. झोप आता. इथून मला दिसतं.”

फोकस्टनची पाटी आली.

“डेस्मंड, डावीकडे.”

तो वळला नाही. “आठ वाजून गेले. नर्सने झोपवलं असेल तिला. दुपारची बोट मिळाली असती तर गेलो असतो की. ती कुणामुळे चुकली?”

पाटी मागे गेली. चूक आपलीच, असं हेझलला खरंच वाटलं, आणि ही गोष्ट सांगताना तेच मला सहन होत नाही.

तिने शनिवारचं फोकस्टनचं रेल्वेचं तिकीट काढलं. शुक्रवारी नर्सचा फोन आला, की एनिड पहाटे गेली. त्या सोमवारी ती संध्याकाळभर उशीला टेकून बसून होती, म्हणे. बोट उशिरा लागली असेल, म्हणत होती. अंत्यविधीला डेस्मंडने हेझलला गाडीतून वेळेवर नेलं. मिठाईचा डबा नाताळात त्यानेच फोडला. “बरी आहे,” म्हणाला, “दाताला चिकटते जरा.”

पुढच्या उन्हाळ्यात त्याने बोटीची तिकिटं काढली आणि हेझल गेली. कशाला गेलीस, असं कामावरच्या बायकांनी नंतर विचारलं, तेव्हा तिने नुसते खांदे उडवले.

किनाऱ्यापासून थोडं आत गेल्यावर पुढे दुधाचा टँकर आला.

“मोकळं आहे का?”

हेझल खिडकीतून सूर्यफुलांची शेतं बघत होती.

“हेझल? मोकळं आहे का विचारतोय.”

“तूच बघ,” ती म्हणाली. “मी झोपते.”

तिने सीट मागे केली आणि डोळे मिटून घेतले. टँकर पुढच्या गावात वळला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. डेस्मंड त्याच्या मागे मागे जात राहिला.