अर्धाच व्हॉल्व्ह

"कारखान्यातून कोणाचीही तक्रार आली नव्हती. रजिस्टर पाहून घ्या," माझी मुलगी अपघाताच्या चौकशीत म्हणाली.

समोर तीन साहेब बसले होते. मी भिंतीजवळच्या खुर्चीत होते, उजव्या हाताला पट्टी. तिच्या बापाची तेरवी होऊन आठच दिवस झाले होते.

"म्हणजे फिटरनं कळवलंच नाही," एक साहेब लिहिता लिहिता म्हणाला.

तिनं रजिस्टर त्याच्यापुढं सरकवलं.

अकोल्याबाहेर कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या जाळून वीज करायचा कारखाना आहे. पाणी उकळायचं आणि वाफेनं टर्बाइन फिरवायचं. माझा नवरा तिथं फिटर, मी झाडणारी. वाफ किती आत सोडायची ते व्हॉल्व्ह ठरवतो. त्यात दांड्याला लावलेला लोखंडी गट्टू असतो, तो उचलला की वाट उघडते. आमचा व्हॉल्व्ह थोडासाच उघडा असला की थरथरायचा. नवरा सळईचं एक टोक व्हॉल्व्हला आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावून ऐकायचा. मलाही एकदा ऐकवलं. जात्यात खडा यावा तसा आवाज होता.

मुलगी अमरावतीला इंजिनियर झाली आणि तिथल्याच एका ऑफिसात लागली. तिथं यंत्राच्या आत काय होतं ते संगणकावर करून पाहतात. आमच्या कारखान्यानं या व्हॉल्व्हचं काम त्याच ऑफिसाला दिलं आणि ते तिच्याकडं आलं. नवरा पंधरा दिवस सगळ्यांना तेच सांगत फिरला.

काही खटकलं तर फिटरनं रजिस्टरात लिहायचं, असा नियम होता. त्यानं लिहिलं नाही. मी टोकलं तर म्हणाला, "पोटची पोर त्याच कामावर हाय. लिहून कायले तिचं नाव खराब करू? घरीच सांगतो." शनिवारी ती घरी आली की जेवताना सांगायचा. आमच्यात माणूस घरचा असला की कागद करत नाहीत. तिथंच आम्ही फसलो.

"थोडा उघडा असला की लय खडखडते, माय. दांडा टिकत नाही," तो तिला म्हणाला.

"बाबा, मी चालवून पाहिलं ना. काहीच हलत नाही."

"मंग तुहा संगणक बहिरा हाय."

ती हसली. ताटातली भाकर मधोमध मोडून मला दाखवायला लागली. "हे बघ आई, दोन्ही बाजू सारख्या. म्हणून मी अर्धाच व्हॉल्व्ह घेतला. दुसरा अर्धा आरशातल्यासारखा तसाच धरायचा. पूर्ण घेऊन वाफ क्षणाक्षणाला कशी वळते ते पाहायचं तर संगणक तीन आठवडे चालतो."

"भाकर गोलच असते," मी म्हणाले. "तरी एकाच बाजूनं करपते ना?"

तिचा घास थांबला. मी चौथी शिकलेली, मला पुढचं काही येत नव्हतं. तिला आलं. "वाफ एकदा या बाजूला चिकटत असेल, एकदा त्या बाजूला," ती हळू बोलली. "गट्टूला दोन्हीकडून धक्के. अर्ध्यात ते दिसणारच नाही. बाबा, मी पूर्ण करते. सोमवारी आमच्या साहेबांना सांगते."

सांगितलं की नाही, ते तिलाच ठाऊक. अहवाल अर्ध्या व्हॉल्व्हवरच गेला. व्हॉल्व्ह ठीक आहे, असं लिहून खाली तिची सही. आम्हाला वाटलं, पोरीनं पुरा तपासला. नवऱ्यानं तर सोबत्यांनाही सांगितलं, "आता घाबरू नका."

महिन्याभरानं एका दुपारी वीज कमी लागत होती म्हणून लोड कमी केला. व्हॉल्व्ह थोडाच उघडा राहिला आणि खडखड सुरू झाली. तो सळई घेऊन वर गेला. मी चार पावलांवर झाडत होते. दांडा तुटला, वरचं झाकण उडालं. इतकी तापलेली वाफ डोळ्यांना दिसत नाही, नुसती किंचाळी ऐकू येते. मी त्याचा सदरा ओढायला हात घातला.

चौकशीत मी उठून म्हणाले, "त्यानं कळवलं होतं. हिलेच. माह्या समोर."

"काही लेखी आहे का बाई?" साहेबानं विचारलं.

मुलगी टेबलाकडं पाहत होती.

बाहेर व्हरांड्यात तिनं मला गाठलं. "आई, मी खोटं नाही बोलले. रजिस्टरात नव्हतंच."

"तुले सांगतलं होतं त्यानं."

"मला पूर्ण करायला वेळच दिला नाही गं ऑफिसनं. आता कबूल केलं तर माझं सगळं जाईल."

"आन बापानं कळवलं नाही म्हणून लिहून राहिले, ते चालते तुले?"

ती रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं नाही. तिनं रात्रंदिवस अभ्यास केला, तेव्हा मीच तिला चहा करून दिला होता. त्याच शिक्षणानं ती आता शब्द मोजून बोलत होती.

आत जाऊन मी कागद मागितला. साहेब म्हणाला, आम्ही लिहून घेतो, तुम्ही अंगठा द्या. मी म्हणाले, मले लिहिता येते. डाव्या हातानं लिहिलं, वाकडंतिकडं. नवऱ्यानं कोणत्या शनिवारी सांगितलं, काय सांगितलं, ती काय म्हणाली. तिचं नाव लिहिलं, त्यापुढं माझी मुलगी असंही लिहिलं. दीड पान झालं.

साहेबाचा शेवटचा प्रश्न होता, घटनेच्या वेळी तिथं कोण होतं. मी लिहिलं, आम्ही दोघं होतो. नवरा गेला. मी वाचले.