टेबलाचे पाय कापणारी डॉक्टरीण

डॉक्टर नूतन आता मुंबईच्या बैठकांना जाते, बायकांच्या आरोग्याची सरकारी धोरणं ठरवायला बसते आणि भलेभले साहेब तिचं मुकाट्यानं ऐकतात. पण या सगळ्याचा श्रीगणेशा झाला तो लोखंड कापायच्या एका ग्राइंडरनं, आणि तोही सरकारी मालमत्तेवर.

तेव्हा ती चोपड्याकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात होती. कापूस वेचणाऱ्या, केळीच्या बागेत राबणाऱ्या बायका यायच्या, स्टुलावर बसून अंगावरून जाण्यापासून ओटीपोटातल्या कळांपर्यंत सगळं मोकळेपणानं सांगायच्या. तपासायला टेबलावर झोपा म्हटलं, की मात्र कुणाची म्हैस दूध द्यायची थांबे, कुणाची एसटी निघे. नूतनचं निदान पक्कं होतं: बायका लाजतात. तिनं पडदा लावला, मग पडद्यामागे आणखी एक पडदा लावला, लाज सोडा म्हणून भाषणं ठोकली. बायका टाळ्या वाजवायच्या आणि घरी जायच्या.

एक दिवस धरणगावहून ताईबाई आली. ताईबाई म्हणजे नूतनची आई. पाळी जाऊन कैक वर्षं लोटली होती आणि आता पुन्हा डाग दिसायला लागले होते. हे कशाचं लक्षण असू शकतं ते लेकीला पुरतं ठाऊक होतं. ताईबाई म्हणजे भर बाजारात शेळीचा सौदा करताना चार गावच्या पुरुषांना गप्प बसवणारी बाई. लाज तिच्या वाटेला कधी गेलीच नव्हती. तरीही टेबलापाशी येऊन ती थबकली ती थबकलीच. नूतननं विनवलं, डोळे वटारले, शेवटी रडकुंडीला येऊन विचारलं, माझ्यापुढे तुला कसली लाज?

"लाज कसानी वं?" ताईबाई म्हणाली. "चढसू बी, पन उतरसू कशी?"

नूतन टेबलाकडे बघतच राहिली. ते ताईबाईच्या छातीला लागत होतं. चढायला एक डुगडुगती पायरी, त्यात गुडघे गेलेले आणि नऊवारीचा घोळ. इतकी वर्षं टेबल बनवणाऱ्यांनी फक्त डॉक्टरच्या पाठीची काळजी घेतली होती, आणि ही शहाणी लाजेवर भाषणं देत बसली होती! तिला हसू फुटलं ते थांबेचना. हसता हसताच तिनं रस्त्यापलीकडच्या झुलाल वेल्डरला बोलावणं धाडलं.

स्टोअर सांभाळणारा मोतीलाल आडवा आला. ही डेडस्टॉकच्या रजिस्टरात नोंदलेली सरकारी वस्तू आहे, नोकरी जाईल, असं तो काकुळतीनं सांगत होता. नूतननं त्याला टेबल घट्ट धरायला लावलं. ठिणग्या उडाल्या, चारही पाय गुडघ्याखाली आले आणि ताईबाई घरच्या खाटेवर बसावी तशी टेकली. गर्भाशयाच्या तोंडाशी एक लहानसा मस निघाला. तो काढून तपासायला पाठवला, कॅन्सर नव्हता. निकाल कळला त्या दुपारी डॉक्टरीणबाई नर्सचे हात धरून व्हरांड्यात फुगडी खेळल्या.

बातमी बागाबागांतून पसरली. बायकांची रांग फाटकाबाहेर गेली. त्यांच्यामागोमाग नोटीसही आली आणि चौकशीला जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयातले हितेंद्रसाहेब आले. त्यांनी कापलेले पाय बघितले, मोतीलालचा आणि नूतनचा जबाब घेतला आणि पाय पुन्हा जोडावे लागतील, तुमच्यावर कारवाई होईल, असं कोरडेपणानं सांगितलं. नोकरीपेक्षा नूतनला बाहेरची रांग दिसत होती. दार उघडंच होतं, ती साहेबांनाही दिसत होती. जवळजवळ सगळ्याच म्हाताऱ्या होत्या.

साहेब जायला उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"डॉक्टर," ते हळू आवाजात म्हणाले, "पाय सोमवारी जोडले तर चालेल? माझी आई सोनगीरला असते. तीसुद्धा लाजते, असंच आम्ही समजत होतो."

दुसऱ्याच दिवशी ते आईला घेऊन आले. दंडाला धरून आत नेलं, तर ती आपली आपण टेबलावर बसली आणि लेकाला म्हणाली, "भाऊ, तू भाईर बस."

हितेंद्रसाहेब बाहेरच्या बाकावर बायकांमध्ये जागा करून बसले. अहवाल त्यांनी तिथेच लिहिला. त्यात शिफारस एकच होती: जिल्ह्यातल्या सगळ्या टेबलांचे पाय कापावेत.