न्यू सून शे

माझी मावशी भिकुबाई पिंपळनेरच्या बाजारात बोलायला लागली की शेजारचा भाजीवाला भाव ओरडायचं थांबवतो. तिच्यापुढे आपलं कुणी ऐकणार नाही, हे त्याला कळून चुकलंय. कांदा लावणाऱ्या बायांना ती बांधावरून हाक मारते, तर पलीकडच्या शिवारातल्या बायाही ओ देतात. अशा बाईला देवाने नवरा दिला तो चुडामण नाना, जे नुसती मान हलवून संसार करतात, आणि मुलगा दिला हितेंद्र, जो मानसुद्धा हलवत नाही.

"मना घरमा दोन मानसे, दोन्ही मुका," मावशी म्हणते. "मी भांडू तं कोनसंगे, भिंतसंगे?"

हे ती हसत म्हणते, पण संध्याकाळी ओट्यावर एकटीच मांजराशी बोलत बसलेली मी तिला पाहिलंय. तेव्हा वाईट वाटतं.

हितेंद्रचं लग्न जमत नव्हतं. मुलगा शेती करतो म्हटलं की पुढचा निरोपच येत नसे. मग दीपनगरच्या कॉलनीतलं कामिनीचं स्थळ आलं. तिचे वडील मूळचे आमच्याच साक्रीकडचे, नोकरीसाठी तिकडे गेलेले. मुलगी खो-खो शिकवते. हितेंद्र तिच्याशी फोनवर बोलायला लागला, आणि चक्क बोलायला लागला. गोठ्यामागे उभा राहून एकेक तास. हे जमलं नाही तर हा गडी पुन्हा तोंड उघडायचा नाही, अशी आम्हा सगळ्यांनाच धास्ती होती.

आम्ही चौघं बघायला निघालो. गाडी माझी, आणि मी शाळेत इंग्रजी शिकवतो म्हणून बोलणीही माझ्याच गळ्यात. पण कॉलनीत उतरल्यावर सरळ मुलीच्या घरात शिरेल तर ती भिकुबाई कसली. आधी शेजारी चौकशी, हा तिचा शिरस्ता. शेजारच्या अंगणात एक निवृत्त साहेब गुलाबांना पाणी घालत होते.

"भाऊ, हाई बाजूनी कामिनी, पोर कशी शे?"

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कामिनी? न्यूसन्स!" एवढंच म्हणून हातातली नळी टाकून ते आत गेले.

मी खिशातली गाडीची किल्ली चाचपली. मावशीचा चेहरा मात्र उजळला. आमच्या बोलीत 'आहे'ला 'शे' म्हणतात, आणि 'न्यू' म्हणजे नवं, हे तिला न्यू सलून, न्यू टेलर असल्या पाट्यांनी शिकवलंय. तिने ऐकलं ते 'न्यू सून शे'.

"देखं का? एवढा मोठा साहेब, पन आपली बोली बोलस."

"मावशी, ते तसं नाही. त्या शब्दाचा अर्थ..."

"तू शाळामा शिकाड. आठे नको."

घरात पोहे झाले, चहा आला. कामिनी येऊन बसली. गळ्यातली शिट्टी काढायची ती विसरली होती. हितेंद्र तिच्याकडे पाहून हसला आणि लगेच फरशी न्याहाळू लागला. सगळं सुरळीत चाललं होतं, तोच मावशीने मोठ्या कौतुकाने सांगितलं, "तुमना शेजारना साहेबच बोलना, न्यू सून शे म्हने."

तिच्या घाईच्या बोलण्यात साहेबांचाच शब्द सगळ्यांना ऐकू आला. कामिनीच्या वडिलांचा चेहरा पडला. त्याच एका शब्दाने आधीची स्थळं दारातून माघारी गेली होती, हे मला नंतर कळलं. कामिनीने मात्र मान खाली घातली नाही.

"हो, मला न्यूसन्सच म्हणतात ते," ती म्हणाली.

"म्हंजे काय वं, माय?" मावशीला आता शंका आली.

"जिच्यापायी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोक्याला ताप होतो, ती. रोज संध्याकाळी मी मुलींना खो-खो शिकवते. शिट्टी वाजते, मुली ओरडतात. काकांसाठी मी मैदानाची बाजू बदलली, वेळही बदलली, तरी आवाज जातोच. मावशी, आत्ताच सांगते, लग्नानंतरही मी शिकवणार. पिंपळनेरलाही मुली असतीलच की."

मावशी गप्प झाली. तिला गप्प बसलेली मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. हितेंद्रने मान वर केली.

चुडामण नानांनी चहाची बशी खाली ठेवली आणि बायकोकडे पाहिलं. "मंग तू भी न्यूसन्सच शे."

सकाळपासूनचं हे त्यांचं पहिलं वाक्य.

आधी हितेंद्र हसला, अगदी मोठ्याने. मग कामिनी, मग तिचे वडील. मावशी तर इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला, आणि तो पदर बराच वेळ तिथेच राहिला.

"मना घरमा बोलनारं मानूस येई राहिनं," ती म्हणाली. आवाज इतका हळू, की तो तिचाच आहे हे मला खरं वाटेना.

मग तिने हात पुढे केला. "आन वं ती शिट्टी."

कामिनीने गळ्यातली शिट्टी काढून दिली. मावशी ती घेऊन बाहेर ओट्यावर गेली आणि छाती भरून फुंकली. समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. शेजारची खिडकी धाडकन उघडली.

"न्यूसन्स!"

या खेपेला मावशीला अर्थ पक्का ठाऊक होता. तिने खिडकीला दोन्ही हात जोडले आणि बांधावरच्या आवाजात उत्तर दिलं, "हां साहेब. मनी सून शे."