सावंगीच्या लॉजमधला झरोका

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. संघटनेतल्या पोरांना नाही, घरी तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही. चौकात माइक हातात आला की मला शब्द कमी पडत नाहीत. इथं मात्र एकेक वाक्य जुळवावं लागतंय.

आधी काम सांगतो. सावंगीला दवाखान्याच्या आजूबाजूला लॉज आहेत. पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथं उतरतात. खोली म्हणजे खोकं — ओलसर गाद्या, बुरशीवरच मारलेला रंग, वरून गुलाबाच्या वासाचा फवारा. रस्त्यावरच्या धुरावर सगळे बोलतात. भाडं भरून माणूस ज्या खोलीत निजतो, तिथल्या हवेवर कोण बोलतं? आम्ही बोललो. पत्रकं काढली. ‘खोली भाड्याची, श्वास हक्काचा’ — हे वाक्य माझं. अजूनही ते मला आवडतं. हीच तर घाण आहे.

संघटनेनं हवा मोजायचं यंत्र आणलं होतं. बंद खोलीत किती धूर आणि कोंदट हवा साचते, ते दाखवणारं. आता पत्रक लिहिणाऱ्या कुणालाही विचारा — बरा आकडा कुणी वाचत नाही. आकडा लाल पाहिजे.

एका लॉजमध्ये तो लाल येईचना. तिथला मॅनेजर उमेशभाऊ खोल्यांचे झरोके स्वतः स्टुलावर चढून साफ करायचा. मला पाहिलं की चिडवायचा, "काऊन बे, आज बी पास झालो ना आमी?" आणि मोठ्यानं हसायचा. ते हसणं मला खुपायचं. एवढ्यासाठी कुणी असं करतं का? — मी केलं.

त्या दिवशी तिथं वडनेरचं एक म्हातारं जोडपं उतरलं होतं. भाजीपाला लावणारी माणसं. काकांना छातीचा आजार, दुसऱ्या दिवशी तपासणी. दुपारी मी त्यांच्या खोलीत यंत्र ठेवलं. मग पिशवीतली आमचीच पत्रकं चुरगाळली आणि झरोक्यात कोंबली. घट्ट. काकू बघत होत्या.

"हे काऊन बुजवून राह्यला, बापू?"

इथं थांबावंसं वाटतंय. पण नाही — मी म्हणालो, सरकारी मोजणी आहे. सकाळपर्यंत हे काढायचं नाही, दार-खिडकी उघडायची नाही.

कसलं सरकार? कुठली मोजणी? काकूंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "बरं, साहेब." बापूचा साहेब झालो मी, एका खोट्यावर. काका पलंगावर बसून खोकत होते. उशाशी मच्छर अगरबत्तीचा पुडा होता. तो पाहून माझ्या मनात काय आलं, सांगू? — आता आकडा चढेल.

सकाळी गेलो तर खोली रिकामी. काकांना श्वास घेता येईना म्हणून उचलून दवाखान्यात नेलं होतं. यंत्रावर आकडा लालभडक. मी आधी त्याचा फोटो काढला. मग झरोक्यातली पत्रकं उपसून पिशवीत भरली. त्यानंतर दवाखान्यात गेलो. याच क्रमानं.

काका वाचले नाहीत. फुप्फुसं आधीच निकामी होती, असं डॉक्टर म्हणाले. हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल! पण त्यानं काय बदलतं? जी थोडी हवा त्यांच्या वाट्याला होती, तिच्यात मी कागद कोंबला.

आणि पुन्हा पत्रक लिहिलं. मालकानं झरोका बुजवला, असं. वर तो आकडा, मोठ्या अक्षरात. लोक खवळले. मालकानं हात झटकले, उमेशभाऊला कामावरून काढलं. तो आमच्या कार्यालयात आला, एवढंच म्हणाला, "भाऊ, तुले तं मालूम हाये ना, मी झरोके कसे ठेवतो ते." मी सगळ्या पोरांसमोर त्याला मालकाचा चमचा म्हटलं. तो वळला. मग जिना उतरून गेला. हसला नाही.

पुढं वडनेरला गेलो. भेटायला, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे काकू कुणाजवळ काय बोलल्यात, ते मला बघायचं होतं. त्यांनी सतरंजी टाकली, चहा ठेवला. चूल फुंकता फुंकता, माझ्याकडे न बघता बोलत होत्या —

"रातभर म्हनत होते, थोडंसं दार उघड व, थोडंसं उघड. मी नाई उघडलं, साहेब. सरकारचं काम बिघडलं असतं." मग कप माझ्या हातात देत त्यांनी विचारलं, "मोजणी बरोबर आली ना?"

मी हो म्हणालो. आणि तो चहा प्यायलो.