विसावा ऊर्फ धावा

आईबाप मुलाचं नाव ठेवतात आणि जग त्याला नावं ठेवतं. हे थोडंफार सगळ्यांच्याच वाट्याला येतं. पण ह्या माणसाच्या बाबतीत जगाला फारसे कष्टच पडले नाहीत. त्याचं नावच मुळी विसावा होतं.

शाळेत हजेरीला मास्तरांनी "विसावा!" म्हटलं, की मागच्या बाकावरची पोरं डोकी टेकवून घोरायला लागायची. खेळाच्या तासाला तर कहर. संघ निवडताना कप्तान ओरडायचा, "आम्ही विसावा घेतो!" आणि त्याचा अख्खा संघ मैदानात फतकल मारून बसायचा. तोही हसायचा. न हसून सांगतो कुणाला?

पण एक गोष्ट त्याला हसण्यावारी नेता आली नाही. त्याच्या आधी घरात पाच भावंडं होती, हा सहावा आणि शेवटचा. शेजारची काकू एकदा दारात गप्पा मारता मारता म्हणाली, "पाचांनंतर हाही आला, तेव्हा तुझ्या आईने हात टेकले असतील. म्हणून विसावा! म्हणजे, आता पुरे." काकू बोलून गेली आणि विसरूनही गेली. पोराच्या मनात मात्र ते घर करून राहिलं. आपण म्हणजे घरच्यांना झालेला शेवटचा कंटाळा. आईला विचारावं असं त्याला कितीदा वाटलं, पण जे उत्तर ऐकवणार नाही त्याचा प्रश्न ओठावर येत नाही. तो मिसरूड फुटलेला तरुण झाला आणि आई गेली. प्रश्न तसाच राहिला.

पुढे तो एका मोठ्या इस्पितळात अँब्युलन्सचा ड्रायव्हर झाला. गाडी अशी चालवायचा की मागच्या पेशंटच्या पोटातलं पाणी हलू नये. कुठल्या रस्त्याला कुठे खड्डा आहे, कुठल्या चौकात भाजीच्या हातगाड्या आडव्या येतात, सगळं त्याला तोंडपाठ. पण नोकरीला लागल्या लागल्याच नावाने घात केला. छातीत दुखणाऱ्या एका म्हाताऱ्याला आणत होते. त्याची मुलगी घाबरून पुढच्या सीटवर बसली होती. काहीतरी बोलावं म्हणून तिने विचारलं, "भाऊ, तुमचं नाव काय?"

"विसावा."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, दुसरे कुणी ड्रायव्हर नव्हते का?"

मागे स्ट्रेचरवरच्या म्हाताऱ्याने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क वर उचलला. "एवढ्यात नको रे बाबा!" म्हणाला आणि मास्क परत खाली सोडला.

म्हातारा बरा होऊन चालत घरी गेला, पण ही गोष्ट सगळ्या इस्पितळभर झाली. साहेबांनी बोलावून घेतलं. "तुझ्या ड्रायव्हिंगबद्दल तक्रार नाही," ते म्हणाले, "पण तुझं नाव ऐकून पेशंट वाटेतच खचतो. काहीतरी कर बाबा." त्याने काही करायच्या आधीच गाड्यांच्या शेडमधल्या दोस्तांनी करून टाकलं. कुणीतरी म्हणालं, "विसावा कसला, हा तर धावा!" तेच चिकटलं. शर्टाच्या खिशावरही 'धावा' असंच शिवून आलं.

घरी बायको 'अहो' म्हणायची आणि मुलगी 'बाबा', त्यामुळे तिथे प्रश्नच मिटला. त्याचं खरं नाव तोंडाने घेणारं एकच माणूस उरलं, त्याची सगळ्यांत मोठी ताई. ती मात्र कधी त्याला धावा म्हणाली नाही. फोन लावला की आधी नाव घ्यायची, पुरतं, सावकाश, आणि मग बोलायला लागायची. त्याला वाटायचं, ताईची आपली सवय.

अशी बरीच वर्षं गेली. त्याच्या कानशिलावर पांढरे केस आले.

एका दुपारी गावाच्या पलीकडच्या टोकाहून एका बाळंतिणीला आणायला तो निघाला. बाई शाळेत चित्रकला शिकवायची. नवरा वेल्डर, कामासाठी परगावी गेलेला. दिवस अजून भरायचे होते, पण कळा सुरू झाल्या होत्या. गाडीत मागे एक नर्सबाई होत्या, जुन्याजाणत्या, आवाज खणखणीत. तिला घेऊन परत येताना पुलाच्या तोंडाशी एक ट्रक उलटला होता आणि रस्ताभर टोमॅटो सांडले होते. पुढे गाड्या, मागे गाड्या. सायरन वाजून वाजून थकला. वाट द्यायची म्हटली तरी द्यायला कुणाकडे वाटच नव्हती.

"धावा, गाडी कडेला घे," नर्सबाई म्हणाल्या. "बाळ काही आपल्यासाठी थांबत नाही. इथेच होणार."

त्याने गाडी एका बंद गोदामाच्या भिंतीसमोर घेतली, इंजिन बंद केलं आणि मान समोर करून बसला. ड्रायव्हरच्या पाठीमागे एक सरकती खिडकी असते. तिच्यातून एक हात पुढे आला आणि त्याचा खांदा घट्ट धरून बसला.

"भाऊ, बोलत राहा काहीतरी," ती बाई धापा टाकत म्हणाली. "गप्प बसलात की मला जास्त भीती वाटते."

"काय बोलू ताई?"

"काहीही. नाव सांगा."

"धावा."

"धावा?" एवढ्या वेदनेतही ती वैतागली. "मी आता कुठे धावू? आईने ठेवलेलं सांगा!"

तो स्टिअरिंगकडे बघत राहिला. ह्या नावाने माणसं घाबरतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण खांद्यावरची बोटं रुतत चालली होती, आणि खोटं बोलायला काही सुचेना. "विसावा," तो हळूच म्हणाला.

 मागे तिने लांब श्वास सोडला आणि त्या श्वासातच ते नाव म्हणाली, "वि...सा...वा..." खांद्यावरची पकड किंचित सैल झाली.

नर्सबाईंनी ते बरोबर पकडलं. कळ आली की त्या म्हणायच्या, "हं, जोर लावा, जोर लावा!" आणि कळ ओसरली की, "आता विसावा."

"ओ!" तो पुढून म्हणाला.

"तुला नाही रे, हिला सांगतेय!"

तशा स्थितीतही ती बाई हसली. मग तीच लय सुरू झाली. जोर लावा. आता विसावा. जोर लावा. आता विसावा. आयुष्यभर चेष्टेचं कारण झालेलं नाव आज कुणाला तरी तगवत होतं, आणि ते कानांनी ऐकत तो समोरच्या भिंतीकडे बघत बसला होता. शेवटी एक बारीक, रागावलेलं रडणं ऐकू आलं आणि त्याला समोरची भिंत दिसेनाशी झाली. त्याने बाहीने डोळे पुसले.

"मुलगा आहे," नर्सबाई म्हणाल्या. "आणि दोघंही ठणठणीत. बघ आता, रस्ता मोकळा झाला का."

काही दिवसांनी चित्रकलेच्या बाईंचा फोन आला. मुलाचं नाव विसावा ठेवायचं ठरलं होतं. हा सुट्टीच्या दिवशी तडक त्यांच्या घरी जाऊन थडकला.

"नका हो ठेवू," त्याने हात जोडले. "पोरं झोपेचं सोंग घेतात. लोक घाबरतात. मी भोगलंय."

"मी ते नाव घेऊन ह्याला जन्म दिलाय," ती म्हणाली. "आता दुसरं कुठलं शोधू?"

नवराही परगावाहून आला होता. बाळाला मांडीवर घेऊन तो म्हणाला, "अर्थ तर आम्हाला कळतो, भाऊ. पण तुमचं हे नाव आलं कुठून? पोरगा उद्या विचारेल. आम्ही काय सांगायचं?"

'आता पुरे' असं त्या झोपलेल्या बाळादेखत सांगायला त्याची जीभ रेटेना. "विचारून सांगतो," एवढंच तो म्हणाला आणि तिथून निघाला तो सरळ ताईकडे.

ताई खिडकीशी मशीनवर कुणाचे तरी पडदे शिवत होती. तिच्या ओठांत टाचण्या होत्या. त्याने घडलेलं सगळं सांगितलं आणि मग इतकी वर्षं गिळलेला प्रश्न एका दमात विचारून टाकला.

"ताई, मी आईला नको होतो का गं?"

ताईने एकेक टाचणी काढून डबीत टाकली. "तुझ्या डोक्यात हे कुणी घातलं?"

"काकू म्हणाली होती."

"काकूला काय कपाळ माहीत? नाव आईने ठेवलंच नाही. मी ठेवलं."

तो मशीनजवळ सरकला.

"आई धोबीखान्यात उभ्याने काम करायची, आठवतं ना? आम्हा पाचांच्या वेळी चार दिवस घरी राहिली की नाही, लगेच कामावर. नाही गेली तर दुसरी बाई ठेवायचे. तुझ्या वेळी तिच्यात त्राण उरलं नव्हतं. मी तेव्हा बारा वर्षांची होते. मुकादमीणबाईंना म्हटलं, आईच्या जागी मी येते. चादरी पिळायला हात पुरायचे नाहीत, पण केलं. आई महिनाभर निजून राहिली, तुला कुशीत घेऊन. दुपारी मी भाकर खायला घरी आले की बघायचे, दोघंही गाढ झोपलेली. आईला झोपलेलं मी त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं रे! आमच्या आधी उठायची, आमच्या नंतर आडवी व्हायची. मला वाटायचं, आया झोपतच नसतात."

ताईने मशीनवरचा पडदा सरळ केला. खिडकीखालून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"आई मला म्हणाली, माझं काम तू केलंस, तर ह्याचं नावही तूच ठेव. मी म्हटलं, विसावा. बाबा हसले, म्हणाले, असं कुठे नाव असतं? आई म्हणाली, आता असेल."

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?" ताई म्हणाली. "मला वाटलं, तुला माहीत आहे. मी हाक मारते त्यावरून कळत नाही होय?"

तो मशीनशेजारच्या स्टुलावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. ताईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, मग म्हणाली, "बास आता. पडदा ओला होतोय."

ही हकीकत त्याने चित्रकलेच्या बाईंना सांगितली, बाईंनी नर्सबाईंना, आणि नर्सबाईंच्या तोंडी तीळ भिजणार नव्हताच. वॉर्डातल्या प्रत्येक बाळंतिणीला त्या ती ऐकवू लागल्या. हळूहळू आसपासच्या गल्ल्यांत आणखी काही विसावे जन्माला आले. एक शिंप्याचा नातू, एक दूधवाल्याचा धाकटा. त्यातला शिंप्याचा तर इतका द्वाड निघाला की त्याची आजी म्हणायची, "नाव विसावा, आणि घरात कुणाला पाठ टेकू देत नाही!" शेडमधले दोस्त ह्या थोरल्या विसावाला अजूनही धावाच म्हणत. त्याची आता हरकत नव्हती.

चित्रकलेच्या बाईंचा मुलगा तीन वर्षांचा झाला तेव्हा ताईला घेऊन तो त्यांच्याकडे गेला. मुलगा जमिनीवर रंगाचे खडू पसरून बसला होता. त्याने पाहुण्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुझं नाव काय?"

"विसावा."

मुलाच्या कपाळाला आठी पडली. "नाही. ते माझंय."

"अरे, माझंही तेच आहे."

"माझंय!" पोरगा उठून उभा राहिला. आईने समजावलं, बापाने समजावलं, पण तो तसूभरही हटेना. ताईने तर हसून हसून पदर तोंडात कोंबला होता.

"बरं बाबा, तुझंच," पाहुणा खाली वाकत म्हणाला. "मग मी काय करू?"

मुलाने जरा विचार केला. मग एक खडू त्याच्या हातात दिला आणि जागेवरून थोडं सरकून घेतलं.

"तू बस इथे," पोरगा म्हणाला.

आणि तो बसला.