बन्सीकाकांची हळद आणि हृदयाचं बटण

बन्सीकाका जेवायला बसले की आधी ताटाशी बोलायचे. "कांदेराव, खाली गेल्यावर बराबर बटण दाबा. चुकून दुसरं दाबू नका." मग पहिला घास. समोर पाहुणे असोत नाहीतर जावई, या सूचना चुकायच्या नाहीत.

याला थोडीफार मी जबाबदार. जुन्या जालन्यात त्यांचं हळद-मिरचीचं ठोक दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहायची. कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. त्यांचा धाकटा भाऊ भीमा भर तारुण्यात शेतात कोसळला आणि गेला. हृदयाचा स्नायू जाड झाला होता. हा आजार घराण्यात उतरतो, भावंडांची आणि मुलांची तपासणी करून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं. काका जिना चढून वर आले. "म्याडम, हे जीन काय असतंय?"

मी सांगितलं. बोलता बोलता हेही सांगितलं की हळद, कांदा, द्राक्षं यांतले काही घटक जनुकांचं काम कमी-जास्त करतात असं प्रयोगशाळेत दिसलंय, जणू बटण दाबल्यासारखं. पण माणसात ते सिद्ध झालेलं नाही, आणि जन्मजात दोष खाण्यानं पुसला जात नाही. काकांनी पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा माझ्याकडेच ठेवून गेले. तपासणी राहिली ती राहिलीच. "मी हळद खाऊन राह्यलो ना, मंग?"

पुढं भीमाच्या मुलीचं, मनीषाचं लग्न ठरलं. साखरपुडा परतूरला, मुलाकडच्यांच्या घरी. मीही गेले होते. काकांनी आचाऱ्याला बाजूला सारून वरणाच्या पातेल्यात पिशवीभर हळद रिकामी केली. पंगत बसली आणि पहिल्याच घासाला पाहुण्यांचे ओठ, मिश्या, रुमाल पिवळेधमक झाले.

नवरदेवाचे वडील उठले. "हे काय करून राह्यले तुम्ही?"

काका फेटा सावरत उभे राहिले. थाप मारणं त्यांना जमलंच नाही. "आमच्या घराण्यात हृदयाचा आजार हाये. भीमा त्यानंच गेला. जीनचं बटण बंद करायला हळद टाकली."

मनीषाची आई पदर तोंडाला लावून बसली. सोयरीक मोडली असं मला वाटलं.

नवरदेवाची आई शांतपणे म्हणाली, "आमच्यात शुगर हाये, तुमच्यात हार्ट. बराबर झालं. पोरीची तपासणी केली का?"

"न्हाई."

"तुमची?"

काकांनी मान खाली घातली. "भ्या वाटतं, ताई."

"मंग जल्दी चला. अंगठी मंग घालू."

आणि अख्खा साखरपुडा जीपगाड्यांत बसून जालन्याला निघाला. दवाखान्यात फेटेवाले, शालूवाल्या, पेढ्यांची खोकी. नर्सनं विचारलं, "पेशंट कोण?" नवरदेवाचा मामा म्हणाला, "सगळेच लिहा."

मनीषाचं हृदय ठीक निघालं. तरी दर वर्षी दाखवायला सांगितलं. काकांचा स्नायू जाड होता. फेट्यासकट टेबलावर पडूनच त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "हळद वाढवू का, साहेब?"

"हळद भाजीत घाला. गोळी तोंडात घाला."

काका उठून बसले, फेटा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "भीमाला ही गोळी भेटली अस्ती तर?"

डॉक्टर म्हणाले, "कदाचित." काका रडले. बाहेर, औषधांच्या खिडकीसमोर, मनीषाच्या बोटात अंगठी घातली गेली आणि रांगेतल्या रोग्यांनी पेढे खाल्ले.

त्यानंतर काका नातेवाइकांच्या दारात जाऊन बसायचे. चहा नाही, पाणी नाही. "आधी हृदय दाखवून या." धावड्याला दिलेल्या बहिणीनं तर एकदा त्यांना बाहेर ठेवून कडी लावली. तिथं ते ओट्यावर झोपले, सकाळी उठले आणि पुन्हा दार वाजवलं. तिनं तरीही ऐकलं नाही.

गोळ्यांनी काही वर्षं बरी गेली. मागच्या उन्हाळ्यात दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ते गेले. तेराव्यानंतर मनीषाचा फोन आला. आधी नुसती रडत होती.

"म्याडम, धावड्याची आत्या आज स्वतःहून दवाखान्यात गेल्ती. वेळेवर सापडलं म्हणे. गोळी सुरू झाली." ती थांबली. "काकाला फोन लावायला मोबाइल हातात घेतला होता मी."